नवी भाषा रचावयाची तर

आपलें बोलणें दुसऱ्या कोणास कळूं नये अशी भाषा बनविण्याचा नाद मुलांना फार जुना आहे. आपल्याकडील ‘च’ची भाषा बहुतेक वाचकांनीं लहानपणीं ऐकली असेल. पण ती निराळी भाषा नव्हे. मराठीवर घेतलेला तो बुरखा आहे. अक्षरें मागेंपुढें केलीं तरी विभक्ति, क्रियापद, वाक्यरचना सारें मराठीच राहतें, आणि तिखट कानाच्या आजीस दोन मिनिटांत सर्व उमगतें. हल्लीं मोठ्या मुलांत याहून धाडसी छंद दिसतो. नवे ध्वनि, नवें व्याकरण योजून सबंध भाषाच कागदावर उभी करावयाची, आणि नमुना म्हणून अमेरिकेंतील नावाहो लोकांची भाषा पुढें ठेवावयाची! या छंदास आमचा विरोध नाहीं. व्याकरणाचा तास ज्यांना रुक्ष वाटतो त्यांनीं तर तो अवश्य करून पाहावा. मात्र नमुन्यांतून काय घ्यावयाचें, हें आधीं ठरविलें पाहिजे.

नावाहोची कीर्ति झाली ती युद्धामुळें. १९४२ सालीं अमेरिकेच्या सैन्यानें २९ नावाहो जवानांकडून तिच्या शब्दांची एक सांकेतिक बोली करवून घेतली व पॅसिफिक महासागरांतील लढायांत तिचा उपयोग केला. तेव्हांपासून दुर्बोधता हाच तिचा मोठा गुण, असें पुष्कळांस वाटत आलें आहे. तिचे ध्वनि आपल्या कानांस नवे आहेत खरे. स्वर उंच सुरांत म्हटला कीं खालच्या, यावर शब्दाचा अर्थ पालटतो. कांहीं व्यंजनें तर कंठ क्षणभर बंद करून फटकन् सोडावीं लागतात. परंतु भाषा रचणारे बहुधा येथेंच थांबतात. चमत्कारिक ध्वनींची मोळी बांधतात आणि आंतील वाक्य इंग्रजीचें किंवा मराठीचेंच ठेवतात. मग तीहि ‘च’चीच भाषा झाली! नावाहोचें खरें वैभव तिच्या क्रियापदांत आहे. ‘दे’ असें नुसतें तेथें म्हणतां येत नाहीं. वस्तु चेंडूसारखी वाटोळी आहे, काठीसारखी लांब व ताठ आहे, कीं कापडासारखी पसरट व लवचिक आहे, यावर क्रियापद बदलतें. तोंड उघडण्यापूर्वीं बोलणारास वस्तूकडे पाहावेंच लागतें. घ्यावयाचें तें हें.

पण असें पाहावयास लावणारें व्याकरण शोधण्यासाठीं अमेरिका गांठण्याचें कारण काय? आपल्या वर्धा जिल्ह्यांत कोलामी बोलली जाते. नावाहोचे विख्यात अभ्यासक एडवर्ड सपीर यांचे येल विद्यापीठांतील शिष्य मरे एमेनो १९३५ सालीं हिंदुस्थानांत आले व तीन वर्षें येथील द्राविडी भाषा कानांनीं टिपीत राहिले. वर्धेकडील कोलामीवरचा त्यांचा ग्रंथ १९५५ सालीं प्रसिद्ध झाला. सपीरांच्या शिष्यास जी भाषा ग्रंथ लिहिण्याजोगी वाटली, तिचा एक शब्दहि आपल्यापैकीं बहुतेकांस ठाऊक नसावा, हें आम्हांस खटकतें.

कोलामींत घर म्हणजे एल्ला, पाणी म्हणजे ईर, विस्तव म्हणजे किस. दोन पुरुष मोजावयाचे तर ‘इद्दर’, दोन स्त्रिया तर ‘ईरल’, आणि दोन बैल किंवा दोन दगड तर ‘इंदिंग’. गणिताच्या पुस्तकांतला आपला ‘दोन’ सर्वांस सारखाच. येथें मात्र मोजण्यापूर्वीं कोण मोजलें जात आहे तें पाहावें लागतें. इतका भेद करणारी ही भाषा ‘ती’ आणि ‘तें’ यांस मात्र एकच सर्वनाम देते! ए आणि ओ हे स्वर तिच्यांत ऱ्हस्व व दीर्घ असे दोन प्रकारचे आहेत, आणि आपल्या नेहमींच्या बाळबोध चिन्हांनीं तो भेद लिहितां येत नाहीं. ऐकणारास वगळून ‘आम्ही’ व ऐकणारास धरून ‘आपण’, हा भेदहि तिच्यांत आहे. तो मराठींत आहे, हिंदींत नाहीं, इंग्रजींत नाहीं. मराठीस तो द्राविडी शेजारामुळें मिळाला असें अनेक पंडित मानतात.

आणि तरी ‘यांच्या बोलीस व्याकरण कसलें?’ असें म्हणणारीं शिकलीं-सवरलेलीं माणसें भेटतात. कोलाम मूल वर्गांत असतें, घरचा शब्द चुकून त्याच्या तोंडून निघतो, वर्ग हसतो. दुसऱ्या दिवसापासून तें मूल तो शब्द गिळून टाकतें. २०११ च्या खानेसुमारींत कोलामी आपली मातृभाषा म्हणून सांगणारे सुमारें १ लाख २८ हजार होते. त्यांतील मुलांनीं असे शब्द गिळले तर ती संख्या किती दिवस टिकेल? १९३७ च्या ऑक्टोबरांत याच वर्धेंत भरलेल्या शिक्षणपरिषदेनें मुलांस मातृभाषेंतून शिकवावें असा ठराव केला. त्या ठरावांतील ‘मातृभाषा’ या शब्दांत कोलामीहि येते, हें पालकांनीं आपल्या मुलांस घरींच सांगावें. हसूं बहुधा घरूनच शाळेंत येतें.

ज्यांना नवी भाषा रचावयाची आहे त्यांनीं ती खुशाल रचावी. परंतु त्यापूर्वीं येत्या सुट्टींत एखाद्या कोलाम सोबत्याजवळ, त्याची इच्छा असेल तर, वही घेऊन बसावें. दोन भाऊ, दोन बहिणी, दोन बैल कसे मोजतोस तें विचारावें. तो म्हणेल तसें म्हणून पाहावें, आणि या वेळीं हसण्याचा हक्क त्याला द्यावा. ऱ्हस्व ‘ए’ कोणत्या चिन्हानें लिहावा यावर मग दोघांनीं हवें तितकें भांडावें. चिन्ह ठरलें म्हणजे आम्हांस कळवावें.