घरे वाढली, शाळा कोणी बांधावयाच्या?

पुण्याच्या वेशीवर उभ्या राहणाऱ्या वसाहतींच्या जाहिरातींत पोहण्याचे तलाव असतात, बगीचे असतात. शाळा मात्र 'जवळच' असते. ही जवळची शाळा बहुधा भरमसाट शुल्काची खासगी संस्था असते, नाहीतर एके काळच्या खेड्यासाठी बांधलेली जिल्हा परिषदेची चार खोल्यांची इमारत. वसाहतीत धुणीभांडी करणाऱ्या बाईची आणि तेथील पहारेकऱ्याची मुले या दुसऱ्या शाळेत दाटीवाटीने बसतात.

नव्या बांधकामाचा भार सार्वजनिक सोयींवर पडतो, हे तत्त्व आपल्या कायद्याला अमान्य नाही. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात 1992 साली विकास शुल्काचे प्रकरण घालण्यात आले, आणि त्या अधिनियमाने सोयींमध्ये शाळाही धरल्या आहेत. परंतु वसुलीतून शाळांसाठी ठराविक हिस्सा बाजूला काढलाच पाहिजे, असे बंधन त्यात नाही. मेट्रोसारख्या प्रकल्पांसाठी मात्र याच शुल्कात शंभर टक्के वाढ करण्याचे शासनास सुचले. रुळांसाठी जे सुचले ते फळ्यांसाठी का सुचू नये, असे आम्ही विचारले तर तो आमचा मास्तरी स्वभाव म्हणून सोडून देऊ नये.

खरी मेख वेगळीच आहे. महापालिकेच्या हद्दीबाहेर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण बांधकामाची परवानगी देते व शुल्क घेते. शाळा चालविते जिल्हा परिषद. घेणाऱ्याचा हात एक, खर्चाची जबाबदारी दुसऱ्याची! त्यातच 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली, तरी या 23 गांवांचा आराखडा करण्याचे काम प्राधिकरणाकडेच सोपविले गेले. 2009 चा शिक्षणहक्क कायदा मात्र परिसरात शाळा देण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थेवर टाकून मोकळा झाला आहे.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात नेमकी हीच अडचण होती. तेथे शाळा-जिल्ह्याला हे शुल्क स्वतः आकारता येत नाही. 1990 च्या कायद्यान्वये नगर किंवा परगणा ते वसूल करून शाळांकडे देतो. सिएटलजवळील इसाक्वा शाळा-जिल्हा समामिश, न्यूकॅसल अशा अनेक नगरांत पसरलेला आहे. आपली कित्येक मराठी कुटुंबे त्या बाजूस राहतात. त्यांना हा व्यवहार ठाऊक असेल. शाळांनी आधी बांधकामाचा आराखडा द्यावयाचा, पैसा दहा वर्षांत कामी लावावयाचा, न लावल्यास परत करावयाचा. जुन्या उणिवा या पैशातून भरून काढता येत नाहीत, हेही तेथे स्पष्ट आहे. त्या भरण्याचे काम सरकारी तिजोरीचेच.

यामुळे घरांचे भाव वाढतील, अशी ओरड होईल. पण आम्ही नवे शुल्क मागत नाही. जे घेतले जाते त्यातील वाटा मागतो. शिवाय घर घेणारा मध्यमवर्गीय आज हाच पैसा खासगी शाळेच्या प्रवेशासाठी आणि बससाठी मोजतोच आहे.

तेव्हा जिल्हा परिषदेने व महापालिकेने कोणत्या गावी किती वर्गखोल्या हव्यात, याची यादी प्राधिकरणाकडे द्यावी. प्राधिकरणाने गावनिहाय वसुलीचे आकडे दर तिमाहीस प्रसिद्ध करावेत, आणि त्यातील शाळांचा हिस्सा तिघांनी लेखी करार करून ठरवावा. त्यासाठी नवा कायदा होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या अंदाजपत्रकापूर्वी एक बैठक पुरे.