जयंतीच्या मंचावरची पोरे आणि वर्षाचे उरलेले अकरा महिने

एप्रिल महिना जवळ आला की वस्तीवस्तीतली बुद्धविहारे संध्याकाळी जागी होतात. ढोलकीला शाई लावून आणली जाते, पेटीचे भाते तपासले जातात, आणि सात-आठ वर्षांची एखादी चिमुरडी दोन्ही हातांनी माईक धरून भीमगीत म्हणायला उभी राहते. सूर नेमका लागतो, समोरच्या आयाबहिणींचे डोळे पाणावतात, कुणी शंभराची नोट तिच्या मुठीत कोंबतो, अध्यक्ष शाल घालतात, छायाचित्र निघते. मे महिन्यात मंडप उतरतो आणि जूनमध्ये तीच मुलगी दप्तर पाठीला लावून शाळेत जाते. तिच्या त्या गळ्याचे पुढे काय करायचे, हा प्रश्न जयंती मंडळ विचारत नाही, विहार समिती विचारत नाही, आणि आईबापांना तो विचारण्याची सवयच नाही. आज तो आम्ही विचारणार आहोत.

आईबापांची बाजू आधी मांडली पाहिजे, कारण ती खोटी नाही. या समाजाने वाजवणे हे गावकीचे काम म्हणून पिढ्यान्पिढ्या केले. गावच्या लग्नात, जत्रेत, देवीच्या पालखीपुढे हलगी-सनई वाजवायची आणि वाजवून झाले की पंगतीच्या बाहेर बसून शिळेपाके घ्यायचे. त्यात कला होती, पण ती वाजवणाऱ्याच्या मालकीची नव्हती. देवाच्या नावाने पोर सोडायची आणि तिला नाचवायचे, हेही याच गावगाड्याने केले. परमपूज्य बाबासाहेबांनी ही कामे टाकून द्यायला सांगितली आणि आमच्या आजोबांनी ती टाकली. त्यामुळे आज बँकेत किंवा रेल्वेत नोकरीला असलेला बाप मुलगा ढोलकीकडे वळला की कासावीस होतो. त्याला वाटते, ज्यातून बाहेर पडायला तीन पिढ्या लागल्या तिकडेच हा परत चालला. ही भीती आम्ही समजू शकतो. परंतु वेठ वेगळी आणि विद्या वेगळी. वेठीत नाही म्हणण्याचा अधिकार नसतो, मोबदला ठरवण्याचा अधिकार नसतो. विद्येत हे दोन्ही अधिकार असतात, निदान असले पाहिजेत. खुद्द बाबासाहेबांनी उतारवयात, कामाच्या डोंगराखाली असतानाही, व्हायोलिन शिकायला घेतले होते. ज्यांच्या घरात रामजी सुभेदार मुलांकडून कबीराची भजने म्हणवून घेत, त्या घरातल्या माणसाला संगीत हलके वाटण्याचे कारणच नव्हते. त्यांनी ते पुरस्कारासाठी शिकायला घेतले नाही आणि बिदागीसाठीही नाही. माणसाचे मन जे मागते ते शिकण्याचा हक्क आपल्यालाही आहे, एवढेच.

चळवळीचा इतिहास तर गाण्यानेच वाहून नेलेला आहे. भीमराव कर्डकांच्या जलशाने १९३० च्या दशकात गावोगाव जे पोहोचवले ते त्या काळी कोणत्याही वर्तमानपत्राला पोहोचवता आले नसते, कारण ऐकणाऱ्यांना वाचता येत नव्हते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरे शिकले आणि मग २००४ साली निधन होईपर्यंत लिहीत-गात राहिले. विठ्ठल उमप २०१० च्या संविधानदिनी नागपुरात दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात असतानाच गेले. प्रल्हाद शिंदे, मग आनंद व मिलिंद, मग आदर्श व उत्कर्ष, अशा तीन पिढ्या एका घराने दिल्या. ही नावे आम्ही दरवर्षी व्यासपीठावरून घेतो. मात्र याच परंपरेतले शेकडो कलावंत, ज्यांची नावे पत्रिकेत शेवटच्या ओळीतही छापली जात नाहीत, ते म्हातारपणी शासनाच्या मानधनासाठी कागदपत्रांची पिशवी घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवत आहेत. कॅसेटच्या जमान्यात त्यांनी हजार-दोन हजार रुपये एकरकमी घेऊन गाणी देऊन टाकली. गाणी आजही वाजतात. पैसे दुसरीकडे जातात. त्यांच्यात गुण कमी नव्हते. शिक्षण आणि कागद या दोन गोष्टी त्यांच्याकडे नव्हत्या, आणि नव्या पिढीच्या हातात नेमक्या याच दोन गोष्टी द्यायच्या आहेत.

शिक्षणाचे पाहू. आमच्या पोरांची तालीम ऐकून ऐकून होते. मोबाईलवर गाणे लावायचे, तसेच म्हणायचे, पट्टी कोणती ते ठाऊक नाही, वरचा सूर लागला नाही तर ओरडून लावायचा. आठव्या वर्षी हे गोड वाटते, अठराव्या वर्षी गळा बसलेला असतो. मुलांचा आवाज साधारण बारा ते पंधरा या वयात फुटतो, तेव्हा त्याला जपावे लागते. आपल्याकडे नेमक्या त्याच वयात त्याला रात्रभर मंचावर उभा करतात, तेही भिंतीएवढ्या डीजेशी स्पर्धा करायला. हे कौतुक नव्हे. गुरू लागतो तो यासाठी की कधी गाऊ नये हे तो सांगतो.

मग क्लास लावायला गेले की दुसरे दार लागते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीत घराण्याच्या कोठडीतून शाळेत आणले, ही गोष्ट मोठीच होती. परंतु शाळेचे दार उघडले म्हणून सगळेच आत गेले असे झाले नाही. आजही आडनाव विचारून, कोणत्या भागात राहता हे विचारून, मग 'याचा हात जड आहे', 'हिचे उच्चार शुद्ध नाहीत' असे सांगणारे आहेत. वाद्याचे चामडे ज्यांनी कमावले त्यांचे हात त्या वाद्यावर पडलेले चालत नाहीत, असा हा शुद्धतेचा न्याय आहे. टी. एम. कृष्णा यांनी मृदंग बनवणाऱ्या दलित ख्रिस्ती कारागिरांवर पुस्तक लिहिले, तर २०२० साली चेन्नईच्या एका नामांकित संस्थेने त्याच्या प्रकाशनासाठी दिलेले सभागृह ऐनवेळी काढून घेतले. तेव्हा हे दुखणे आपल्या गल्लीपुरते नाही. पण म्हणून शास्त्रीय संगीत त्यांचे, आपल्याला नको, असे म्हणणाऱ्या आपल्याच काही मित्रांशीही आमचे जमत नाही. सात सूर कुणाच्या सातबाऱ्यावर नोंदलेले नाहीत.

तमिळनाडूचे इलैयाराजा पाहा. पन्नैपुरम नावाच्या खेड्यातला दलित मुलगा, थोरल्या भावाच्या मंडळीबरोबर पक्षाच्या सभांमधून गात-वाजवत फिरला. आपल्या जलशातल्या पोरासारखाच. फरक पुढे पडला. तो मद्रासला गेला, धनराज मास्तरांकडे पाश्चात्त्य संगीताची लिपी शिकला, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची गिटारची परीक्षा दिली, आणि त्यानंतर चित्रपटसंगीतात जे केले ते देश जाणतो. मार्च २०२५ मध्ये लंडनच्या वाद्यवृंदाने त्यांची सिंफनी वाजवली. (२०२२ साली त्यांनी पंतप्रधानांची तुलना बाबासाहेबांशी केली ती आम्हाला अजिबात पटलेली नाही. ते वेगळे.) सभेच्या मंचाने त्यांना धीटपणा दिला आणि मास्तरांनी विद्या दिली. आपल्याकडे मंच भरपूर आहेत. मास्तर नाहीत.

तेव्हा पालकांनी काय करावे? अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या आहेत. गायनाला आहेत, तबल्याला आहेत, हार्मोनियमलाही आहेत. एरवी प्रमाणपत्राने कोणी गायक होत नाही हे खरे, पण आपल्या मुलाला ज्या दारात उभे राहायचे आहे तिथे प्रमाणपत्र मागतात. दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कलांना तसेच लोककलांनाही सवलतीचे गुण देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०१७ मध्ये घेतला. त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो, आणि आपल्या वस्तीतल्या कित्येक शाळा तो पाठवतच नाहीत, कारण कोणी मागत नाही. केंद्राच्या सांस्कृतिक संसाधन व प्रशिक्षण केंद्राची शिष्यवृत्ती दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी १९८२ पासून आहे, आणि परंपरेने कला जोपासणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी तिच्यात वेगळा वाटा ठेवलेला आहे. हलगी, डिमडी, शाहिरी ज्यांच्या घरात आहे त्यांनी हा अर्ज भरायचा नाही तर कुणी भरायचा? पुढे पदवीसाठी पुण्याच्या विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आणि लोककला अकादमी आहे. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू होते. चकचकीत खासगी अकादम्यांत लाखभर रुपये भरण्याआधी मान्यता कुणाची आहे एवढे तरी विचारा.

आता कागदाचे. वकिलीच्या निमित्ताने आमच्यासमोर जे येते त्यावरून सांगतो की, आपले लोक मुलाचे नाव दूरदर्शनच्या वाहिनीवर झळकणार म्हटले की वाचल्यावाचून सही करतात. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कलावंत म्हणून काम करता येते, पण शाळा बुडता कामा नये. २०१७ च्या नियमांनुसार निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. ही ठेव पावती मागा. बापालाही सांगतो, ती रक्कम घरभाड्याची नाही, पोराची आहे.

करार करताना आणखी एक खाच आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरीबिबी प्रकरणात ठरवले. लोकांना वाटते, बरे झाले, कंपनी मुलाला अडकवू शकत नाही. पण ही तलवार दोन्ही बाजूंनी कापते. मुंबई उच्च न्यायालयापुढे १९४० च्या दशकाअखेरीस राजराणी विरुद्ध प्रेम अदीब हे प्रकरण आले. अल्पवयीन नटीच्या वतीने बापाने चित्रपट निर्मात्याशी करार केला होता, काम मिळाले नाही, आणि दावा लावला तर न्यायालयाने सांगितले की करार मुलीशी असेल तर ती अज्ञान म्हणून रद्द, बापाशी असेल तर मोबदल्याअभावी रद्द. हाती काही आले नाही. म्हणून मुलाच्या बाबतीत 'नंतर देऊ' हा शब्द ऐकू नका. पैसे आधी, कार्यक्रम मागाहून.

गाणे लिहिणाऱ्या, चाल बांधणाऱ्या आणि गाणाऱ्या मुलामुलींनी सज्ञान झाल्यावर कॉपीराइट कायदा १९५७ एकदा तरी समजावून घ्यावा. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी हवे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते, क्षेत्र लिहिले नसेल तर भारतापुरतेच. गाणाऱ्याचा स्वतःचा कलावंत-हक्क पन्नास वर्षे चालतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या स्वामित्वधनाचा वाटा सहजी लिहून घेता येणार नाही अशी तजवीज केली. वामनदादांच्या पिढीला हे मिळाले नाही. यूट्यूबवर लाखो वेळा ऐकल्या जाणाऱ्या गाण्याच्या कवीला आजही मिळत नसेल, तर तो कायद्याचा दोष नव्हे, कागद न करण्याचा आहे.

यातून पोट भरते का, असे विचारणाऱ्याला आम्ही खोटी आशा दाखवणार नाही. फक्त गाण्यावर घर चालवणारे थोडेच असतात आणि भीमजयंतीचा हंगाम दोन महिन्यांचा असतो. म्हणून शाळा सोडून गाणे नको. उत्कर्ष शिंदे वैद्यकीय पदवी घेऊन डॉक्टर झाले आणि गातातही. पण मंचावरच्या गायकापलीकडेही कामे आहेत, ती आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. ध्वनिमुद्रण, संगीत संयोजन, शाळेतला संगीत शिक्षक, आकाशवाणीची श्रेणी परीक्षा, राज्याच्या पोलीस भरतीत निघणाऱ्या बॅण्डस्मनच्या जागा, लष्कराचे बॅण्ड. ट्रम्पेट, क्लॅरिनेट वाजवणारी किती तरी पोरे आपल्या वस्तीतल्या बॅण्ड पार्टीत लग्नसराईवर जगतात. त्यांतल्या किती जणांनी त्या भरतीचा अर्ज पाहिला आहे?

राहिली जबाबदारी मंडळांची. एका रात्रीच्या डीजेला आपली मध्यम मंडळेही जो पैसा मोजतात, त्यात एक पेटी, तबल्याची एक जोडी आणि एका शिक्षकाचे वर्षभराचे मानधन निघते, हिशेब कोणीही मांडून पाहावा. विहार संध्याकाळी रिकामेच असते. आठवड्यातून दोन दिवस, बुद्धवंदनेनंतर एक तास, मुलगे-मुली एकत्र, आणि शिक्षक कोणत्याही जातीचा असो, फक्त त्याने शिकवावे. मुलींना बारा-तेराव्या वर्षी गाणे बंद करायला लावू नये, हे वेगळे सांगावे लागते याचीच आम्हाला लाज वाटते. जयंतीच्या कार्यक्रमात लहान मुलांची गाणी रात्री नऊच्या आत व्हावीत. तसेही दहानंतर ध्वनिक्षेपक वाजवायचा तर शासनाने सूट दिलेला दिवस लागतो. आणि मुलांच्या हातात पडलेल्या नोटा संयोजकाच्या खिशात न जाता त्याच विहाराच्या वहीत, ज्याच्या त्याच्या नावापुढे लिहिल्या जाव्यात. पुढच्या जयंतीची पावतीपुस्तके छापायला जातील तेव्हा त्यावर 'संगीत वर्ग निधी' अशी एक ओळ जास्त टाकायला सांगा, छापखाना त्याचे वेगळे पैसे घेत नाही.