बांधकामाचे दावे : तज्ज्ञ येईपर्यंत तडे बुजलेले

बारामती : नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती व इंदापूर तालुक्यांतील काळ्या जमिनीत ऊस पिकला आणि पुढे अशाच जमिनीवर वसाहती, गोदामे उभी राहिली. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे भिंतीला गेलेला तडा उथळ पायामुळे, निकृष्ट काँक्रीटमुळे की माती हलल्यामुळे, याचे उत्तर अभियंताच देऊ शकतो. बांधकामाच्या दिवाणी दाव्यात मात्र त्याची आठवण अनेकदा उलटतपासात साक्षीदार अडखळल्यावर होते. मग तज्ज्ञ नेमण्याचा अर्ज येतो आणि वादपत्रात दुरुस्ती मागितली जाते.

दुरुस्तीबाबत कायदा स्पष्ट आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सहाव्या आदेशातील नियम १७ ला २००२ मध्ये परंतुक जोडले गेले. सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती हवी असेल, तर योग्य तत्परता दाखवूनही ती आधी मागणे शक्य नव्हते, हे पक्षकाराने पटवून द्यावे लागते. सरतपासाचे प्रतिज्ञापत्र दाखल होताच सुनावणी सुरू झाली असे समजावे, असे सर्वोच्च न्यायालयाने विद्याबाई प्रकरणात २००८ मध्ये म्हटले.

तरीही दार पूर्ण बंद नाही. मुंबई उच्च न्यायालयातील १९८६ च्या एका दाव्यात संजीव बिल्डर्सने २०१७ मध्ये, म्हणजे ३१ वर्षांनी, आयुर्विमा महामंडळाविरुद्धची भरपाईची मागणी १ कोटी १ लाखांवरून ४०० कोटी १ लाखांवर नेली. केवळ रक्कम वाढल्याने दाव्याचे स्वरूप बदलत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती दुरुस्ती कायम ठेवली. हा दावा २००२ पूर्वीचा होता, ही बाब या निकालाचा दाखला देणाऱ्यांनी विसरू नये.

तज्ज्ञाच्या बाबतीत असे परंतुक नाही. स्थळपाहणीसाठी सव्विसाव्या आदेशाच्या नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमता येतो, तर शास्त्रीय तपासणीसाठी नियम १०-अ आहे. तज्ज्ञाचे मत २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ नुसार ग्राह्य धरले जाते. मात्र अर्ज उशिरा आला, की पुराव्यातील उणिवा भरून काढण्यासाठी कमिशनर मागितला जात असल्याची हरकत विरुद्ध पक्ष घेतो. इंग्लंडमध्ये न्यायालयाच्या परवानगीखेरीज तज्ज्ञाचा पुरावा देताच येत नाही. त्यामुळे हा प्रश्न तेथे दाव्याच्या आरंभीच निकाली काढावा लागतो.

खरे नुकसान अर्ज फेटाळण्यात नाही, तर तो उशिरा मंजूर होण्यात आहे. तोवर राहत्या घराच्या भिंतींवर गिलावा चढतो, तडे बुजतात, दोन-चार पावसाळ्यांत माती पुन्हा हलते. मूळ दोष कोणाचा, हे नंतर आलेला अभियंता खात्रीने सांगू शकत नाही आणि त्याचा अहवाल उलटतपासात टिकत नाही. दुरुस्तीचा उशीर खर्चाची रक्कम भरायला लावून काही प्रमाणात भरून निघतो. नाहीसा झालेला पुरावा मात्र कोणत्याही आदेशाने परत येत नाही.

म्हणूनच घरमालक असो वा ठेकेदार, वादपत्र किंवा कैफियत लिहिण्यापूर्वीच अभियंत्याकडून पाहणी व मातीची चाचणी करून घेणे, तारखेसह छायाचित्रे ठेवणे आणि मनाईहुकमाच्या अर्जाबरोबरच कमिशनरची मागणी करणे शहाणपणाचे. न्यायालयांनीही मुद्दे निश्चित करतानाच तज्ज्ञ हवा का, असे पक्षकारांना विचारले, तर पुढचे अनेक अर्ज टळतील.