जुना लिम्फोमा आणि नवी कळ

सत्तरीत पाय दुखू लागला की घरात कारणे तयारच असतात : मणक्याची गादी सरकली असेल, साखर वाढली असेल, नस दबली असेल. बहुतेक वेळा ती खरीही ठरतात. मात्र ज्यांना पूर्वी लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, झालेला आहे, त्यांच्या बाबतीत आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी. क्वचित या कर्करोगाच्या पेशी थेट मज्जातंतूंत शिरतात. या दुर्मीळ अवस्थेस न्यूरोलिम्फोमॅटोसिस म्हणतात. काही रुग्णांत तर लिम्फोमाची तीच पहिली खूण असते.

मधुमेहामुळे किंवा व्हिन्क्रिस्टिनसारख्या औषधामुळे येणारा बधिरपणा बहुधा दोन्ही पायांच्या बोटांपासून सारखाच सुरू होतो. या आजारात मात्र त्रास बहुधा एका बाजूस अधिक असतो. तीव्र कळा येतात, काही आठवड्यांत पाऊल उचलेनासे होते, मूठ वळत नाही. कधी एका वस्तूच्या दोन दिसतात. चेहरा अचानक वाकडा झाला किंवा लघवीवरील ताबा गेला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. त्यामागे पक्षाघातासारखे कारणही असू शकते.

निदान एका तपासणीवर होत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ५० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, ज्यांची जी तपासणी झाली त्यांपैकी पेट-सीटीत ८४ टक्के, एमआरआयमध्ये ७७ टक्के, तर पाठीच्या कण्यातील पाण्याच्या तपासणीत अवघ्या ४० टक्के रुग्णांत दोष आढळला. म्हणून पाण्याचा अहवाल निर्दोष आला तरी शंका मिटत नाही. मज्जातंतूचा तुकडा काढून केलेली बायॉप्सी सर्वांत खात्रीची. परंतु त्या जागी कायमचा बधिरपणा राहू शकतो, त्यामुळे कोठून तुकडा घ्यावा हे तज्ज्ञ आधीच्या चित्रांवरून ठरवतात.

येथे स्टिरॉइडविषयी सावध असावे. त्याने वेदना उतरते, पण लिम्फोमाच्या पेशीही तात्पुरत्या ओसरतात आणि बायॉप्सीत सापडत नाहीत. तेव्हा कंबरदुखीसाठी ते सुचवले गेल्यास जुन्या आजाराची आठवण अवश्य करून द्यावी. ते आधीपासून चालू असल्यास मात्र स्वतःहून बंद करू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एक वही ठेवावी : वेदना कोणत्या तारखेस, कोठे सुरू झाली, कोणते काम कधीपासून जमेनासे झाले. जुना बायॉप्सी अहवाल आणि केमोथेरपीतील औषधांची नावे सोबत न्यावीत. अस्थिरोगतज्ज्ञ असोत वा मेंदूविकारतज्ज्ञ, त्यांना पहिल्याच वाक्यात सांगावे, ‘यांना पूर्वी लिम्फोमा झाला होता.’ मेथोट्रेक्सेटसारखी औषधे या आजारावर वापरली जातात. मज्जातंतूंची फार हानी होण्यापूर्वी ती सुरू झाली, तर हातापायांतील शक्ती टिकण्याची आशा अधिक असते.