बी न धरणारी वेल

बेळगावच्या शहापुरात कोरे गल्लीत शिरा नाहीतर मीरापूर गल्लीत, मनी प्लँट दिसतोच. कुठे खिडकीतल्या बाटलीत, कुठे जिन्याच्या कठड्यावरून लोंबणारा. यातला एकही बी पेरून आलेला नाही.

ही वेल मूळची ताहितीजवळच्या मोरेआ बेटावरची. १८८० साली तिची शास्त्रीय नोंद झाली. लागवडीतल्या वेलीला आपणहून फूल आल्याची शेवटची नोंद १९६४ची. फुलोऱ्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तिच्यात पुरेसं तयारच होत नाही, हे संशोधकांनी २०१६मध्ये दाखवलं. ते बाहेरून दिल्यावर मात्र फुलं आली. फूल नाही म्हणून बी नाही. घराघरांतला मनी प्लँट कुणाच्या तरी हातच्या फांदीतूनच पुढे जात राहिला.

म्हणून 'चोरून आणलेला मनी प्लँटच फळतो' हे मला अजिबात पटत नाही. 'वहिनी, एक फांदी द्या की' म्हटलं तर नाही म्हणणारं घर आपल्याकडे विरळा. आणि देणारी बाई पेर बघून कापून देते. घाईत तोडलं की हाती येतं पान नि देठ. ते पाण्यात हिरवं राहतं, पण त्यातून नवा कोंब निघत नाही. कोंब आणि मुळं, दोन्ही येतात पेरापाशी. तिथे तपकिरी गाठ दिसते, तेच हवाई मूळ. त्याच्या खाली बोटभर जागा सोडून स्वच्छ कात्रीनं कापावं.

बेळगावच्या हवेत फांदी लावायला पावसाळ्यासारखा काळ नाही. जूनपासून हवेत ओल असते, फांदी सुकत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तीच फांदी नुसती बसून राहते. कापलेली फांदी आधी पाण्यात ठेवा, मुळं दोन-तीन इंच झाली की कुंडीत लावा. माती, शेणखत आणि थोडी वाळू, पाणी झरझर निघून जाईल अशी. पाण्यातल्या मुळांना मातीची सवय व्हायला वेळ लागतो, तोवर ओल तुटू देऊ नका. एकदा रुजली की उलट करा: वरची माती सुकल्याशिवाय पाणी नको. ही वेल मरते ती बहुधा अति पाण्यानं, मुळं कुजून.

बाटलीत ती वर्षानुवर्षं जगते, हे खरं. पण तिचं खरं रूप चढताना दिसतं. कोकणात फणसाच्या खोडावर चढलेल्या मनी प्लँटची पानं हातभर लांब होतात, कडेनं फाटतात. ओळखूसुद्धा येत नाहीत. लोंबत ठेवली की पानं लहान होत जातात. तेव्हा कुंडीत काथ्या गुंडाळलेली जाड काठी रोवा, काथ्या ओला ठेवा, पेरं सुतळीनं सैल बांधा. उजेड भरपूर द्या, दुपारचं ऊन नको. अंधारात पानांवरचे पिवळे पट्टे जातात.

पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं की तोंडाची आग होते. रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा, आणि छाटलेले तुकडे अंगणात पडू देऊ नका. त्यातली पेरं असलेली तेवढी वेगळी काढून शेजारी द्या.