वरच्या थरातली खापरं

उत्खननाच्या खड्ड्यात सगळ्यात आधी लागतो तो सगळ्यात अलीकडचा थर, आणि आपल्याकडे सगळ्यात आधी फेकला जातो तोही तोच. फुटकी बरणी, कवेलूचे तुकडे, निळ्या नक्षीच्या बशीची कड, काव दिलेल्या माठाची खापरं. ‘हे तर कालपरवाचं’ म्हणून टोपल्या ढिगाऱ्यावर रिकाम्या होतात आणि कुदळ सातवाहनांच्या शोधात खाली उतरते.

खाली उतरण्याला आक्षेप नाही. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी 1969-70 मध्ये भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला उत्खनन केलं, तेव्हा या भागाच्या इतिहासाला दोन हजार वर्षांपेक्षा जास्त खोली मिळाली. गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्यातच होता. वेगळा जिल्हा झाला तो 1999 मध्ये. पण गोंदिया शहर पवनीसारखं नाही. ते रेल्वेने घडवलं. 1880 च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज मार्ग इथून गेला. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केला. पुढे 1903 ते 1905 च्या सुमारास सातपुड्यातून जबलपूरकडे जाणारी अडीच फुटी गेजची गाडी आली आणि गोंदिया जंक्शन झालं. म्हणजे या शहराचा बहुतेक सगळा इतिहास त्या टाकाऊ ठरवलेल्या वरच्या थरातच आहे.

रसेल यांच्या 1908 च्या भंडारा गॅझेटिअरमध्ये जमीन, पिकं, जाती आणि महसूल यांची तपशीलवार नोंद सापडते. रेल्वेसाठी खडी फोडणारे, भराव टाकणारे, दरेकसाच्या डोंगरात बोगदा खणणारे लोक संध्याकाळी कशात शिजवत होते, हे मात्र कागदावर शोधून मिळणार नाही. ते खापरांतच शोधावं लागेल.

खापर वाचता येतं. तुटलेली कड उन्हात धरा. आत भाजलेल्या मातीचा तांबूस किंवा काळसर गाभा दिसतो आणि त्यावर पातळ, गडद लाल थर. हा लेप. बारीक वस्त्रगाळ माती किंवा गेरू पाण्यात कालवून अर्धवट सुकलेल्या भांड्यावर पुसायचा, मग भट्टीत दोन्ही एकत्र भाजायचं. काचेसारखी झिलई नसेल तर तुकडा जिभेला चिकटतो. विदर्भातल्या लोहयुगीन वस्त्यांपासून सातवाहन काळापर्यंत लाल लेपाची भांडी मिळतात, आणि आजचा कुंभारही माठाला काव देतोच. तीन हजार वर्षं टिकलेली ही रीत इंग्रजांच्या काळात, आगगाडीतून येणाऱ्या चिनीमातीच्या मालासमोर, कशी वागली? कुठे मागे हटली, कुठे तग धरून राहिली? एवढा एक प्रश्न घेऊनसुद्धा कुणी गोंदियाचा वरचा थर तपासावा.

अमेरिकेने असे प्रश्न विचारले. व्हर्जिनियातलं जेम्सटाउन ही 1607 ची इंग्रजांची वसाहत. तिथे इंग्लंडमधल्या उत्तर डेव्हनहून जहाजाने गेलेली लेपाची भांडी सापडतात: लाल माती, वर पांढरा लेप, तो कोरून काढलेली फुलं, त्यावर पिवळसर झिलई. कोणत्या घरात कोणत्या बंदराचा माल पोचत होता, हे अशा तुकड्यांवरून लावता आलं. त्याहून मोलाचं आहे ते साध्या, ओबडधोबड भांड्यांचं प्रकरण. ती मूळ रहिवाशांनी केली असावीत असं आधी धरलं गेलं होतं. लेलंड फर्ग्युसन यांनी दक्षिण कॅरोलायनातली खापरं नीट तपासली आणि त्यांतली बरीच गुलाम आफ्रिकी माणसांनी घडवलेली असल्याचं दाखवलं. ज्यांना लिहू दिलं नव्हतं, त्यांच्या हातची खूण मातीत राहिली होती.

आपल्याकडे तर काळ ठरवायलाही सोयीचा पुरावा आहे. 1890 च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, आणि 1891 पासून इंग्लंडचे कारखानदार बशीच्या बुडाला ‘इंग्लंड’ असा शिक्का सर्रास मारू लागले. असा तुकडा आणि काव दिलेलं खापर एकाच खड्ड्यात मिळालं, तर गावच्या कुंभाराच्या मालालाही अंदाजाने तारीख मिळू शकते. मात्र त्यासाठी दोन्ही तुकडे कुठे आणि किती खोलीवर मिळाले, याची नोंद हवी. एकदा ढिगाऱ्यात गेलं की तो धागा तुटला.

त्याच काळात मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने सिंधी धर्तीची रंगीत, झिलईदार भांडी घडवली जात होती. काहींवर अजिंठ्याच्या आकृत्या होत्या. ती लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात जपून ठेवली आहेत. ती जपली याचा आनंदच आहे. पण साहेबाच्या प्रदर्शनासाठी केलेलं भांडं वारसा आणि बोगद्यावरच्या मजुराची हांडी कचरा, ही वाटणी मला मान्य नाही. कायद्यालाही ती मान्य नसावी. 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांची अट आहे. सातपुडा रेल्वेच्या बांधणीच्या वेळी फुटलेलं मडकं ती अट कधीच ओलांडून गेलं.

जुनी यार्डं उखडली जात आहेत, राइस मिलच्या जागी गाळे उभे राहत आहेत, पाया रोज कुठे ना कुठे खणला जातो. नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने गोंदियातल्या महाविद्यालयांना सोबत घ्यावं, विद्यार्थ्यांना फूटपट्टी, कॅमेरा आणि नोंदवही देऊन अशा खड्ड्यांवर पाठवावं. नगरपरिषदेने बांधकाम परवानगी देताना त्यांना दोन दिवसांची मुभा मिळेल अशी अट घालावी. खर्च किरकोळ आहे, आणि सुरुवात रेल्वे वसाहतीच्या आसपास करावी.