आधी यूपीएस, मग ग्राफिक्स कार्ड

काळी नदीवरचं सुपा धरण कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात, गणेशगुडीला आहे. उंची १०१ मीटर, पायथ्याशी प्रत्येकी ५० मेगावॅटचे दोन संच. त्याच्या जलाशयाखाली जुनं सुपा गाव गेलं. एवढी किंमत देऊन राज्याला वीज पुरवणाऱ्या या तालुक्यात पावसाळ्यात एखादं झाड तारांवर आडवं झालं, की घरातला दिवा पुन्हा कधी लागेल हे कुणी सांगू शकत नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वी घेतलेला गेमिंग कॉम्प्युटर अपग्रेड करावा का, हा प्रश्न रामनगर, जगलबेट किंवा कुंभारवाड्यातल्या घरात निघतो, तेव्हा विचार इथून सुरू व्हायला हवा. बेंगळुरू-पुण्यात बसून यूट्यूबवर बोलणारे समीक्षक थेट ग्राफिक्स कार्डापासून सुरुवात करतात. अखंड वीज, वेगवान फायबर, कोरडी हवा आणि कोपऱ्यावरचं दुकान हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं. जोयड्यात यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. म्हणून इथे खर्चाचा क्रम उलटा असावा, असं माझं मत आहे : आधी यूपीएस, मग एसएसडी, त्यानंतर प्रोसेसर आणि मेमरी. कार्ड सर्वांत शेवटी, तेही लागलंच तर.

२०१७ च्या आसपासचा एक ठराविक संच डोळ्यांपुढे आणू. इंटेलचा सातव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क आणि जीटीएक्स १०६० कार्ड. हे कार्ड जुलै २०१६ मध्ये बाजारात आलं आणि पुढे अनेक वर्षं स्टीमच्या पाहणीत सर्वाधिक वापरात राहिलं. जीटीए ५, माइनक्राफ्ट, व्हॅलोरंट हे खेळ ते आजही चालवतं. मग ‘मशीन स्लो झालंय’ ही तक्रार येते कुठून? बहुतेक वेळा हार्ड डिस्कवरून. तिचा वेग सेकंदाला शंभर-दीडशे एमबी, तर साध्या साटा एसएसडीचा पाचशेच्या वर. शिवाय फिरत्या तबकडीच्या डिस्कला वीज अचानक जाण्याचा त्रासही होतो. दुसरं कारण हवेतलं. चार महिन्यांच्या दमट हवेत पंख्यावरची धूळ चिकट होऊन बसते, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वर्षांनुवर्षं बदललेली नसते, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. आपण त्याला म्हातारपण समजतो. एक मऊ ब्रश आणि थोड्या रुपयांची पेस्ट यांवर हे काम भागतं. मॉनिटरचाही हिशेब करावा. तो ६० हर्ट्‌झचा असेल तर सेकंदाला साठच चित्रं दाखवणार. दीडशे काढणारं नवं कार्ड त्याच्यामागे लावलं, तर उरलेली नव्वद दिसणारच नाहीत.

आता यूपीएसला पहिला मान का, ते सांगतो. २०१७ मध्येच ज्यांनी इंटेलऐवजी एएमडीचा रायझन घेतला, त्यांचं नशीब वेगळं निघालं. एएम-४ सॉकेटच्या त्या जुन्या बोर्डांवर पुढे ५००० मालिकेचे प्रोसेसर बसवायची मुभा कंपनीने २०२२ मध्ये दिली. बोर्ड तोच, रॅम तीच, फक्त प्रोसेसर बदलायचा. पण आधी बायोस अपडेट करावा लागतो आणि ते चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा बंद पडू शकतो. म्हणजे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फायद्याचा अपग्रेडसुद्धा यूपीएसशिवाय इथे जुगार ठरतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस खेळ चालू असताना काही मिनिटंच टिकेल, हे खरं. पण खेळ सेव्ह करून मशीन नीट बंद करायला तेवढी पुरतात आणि अपडेटही तेवढ्यात उरकतो. एप्रिल-मेच्या वळवात कडाडणारी वीज मात्र यूपीएसने अडत नाही (मराठीने दोघींना एकच नाव दिलंय, पण एक जाते आणि दुसरी येते, घोर दोघींचाही). ढग दाटले की प्लग काढणं हाच तिच्यावरचा उपाय.

यावर पहिला आक्षेप विंडोजचा येईल. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ सातव्या पिढीच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरना स्वीकारत नाही. आक्षेप रास्त आहे. त्या इंटेलच्या मशीनवर यापुढे मोठा पैसा घालू नये, हेच त्याचं उत्तर. एसएसडी आणि यूपीएस घ्यावेत, कारण ते उद्याच्या नव्या मशीनलाही चालतील. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करता येते, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे.

दुसरा आक्षेप नव्या खेळांचा. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ किंवा ‘डूम : द डार्क एजेस’ हे खेळ रे-ट्रेसिंगची सोय नसलेल्या कार्डावर चालतच नाहीत. तेच खेळायचे असतील तर कार्ड बदलावं, माझी हरकत नाही. फक्त आधी एक गणित करावं. शंभर जीबीचा खेळ १० एमबीपीएसच्या जोडणीवर उतरवायला सलग बावीस तासांहून जास्त लागतात. जिथे फोन लावायलाही टेकडी गाठावी लागते, त्या जंगलातल्या वाड्यांबद्दल तर बोलायलाच नको. ऑनलाइन खेळात जो उशीर जाणवतो तो जोडणीचा असतो. कितीही महागडं कार्ड बसवलं तरी तो हटत नाही. वापरलेलं कार्ड घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने ग्राफिक्स कार्डांवरच्या खाणकामाची (मायनिंगची) पद्धत सोडली, तेव्हा दिवसरात्र राबवलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. त्यांच्या फोटोत राबणूक दिसत नाही.

‘मग हा खटाटोप सोडून गेमिंग लॅपटॉपच घ्यावा, त्याला बॅटरी तरी असते,’ असंही कुणी म्हणेल. विजेच्या बाबतीत तो मुद्दा खरा आहे. पण लॅपटॉप बिघडला की अख्खाच हुबळी-बेळगावला न्यावा लागतो. डेस्कटॉपचा एसएमपीएस गेला तर तेवढाच बदलून मिळतो, आणि दुकान पन्नास-शंभर किलोमीटरवर असेल तर हा फरक लहान नाही. शिवाय ही वेळ अख्खं नवं मशीन घेण्याचीही नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केल्यापासून रॅमचे भाव झपाट्याने चढले. मायक्रॉनने तर घरगुती ग्राहकांसाठीचा क्रुशल हा ब्रँड बंद करत असल्याचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. नव्या पिढीच्या बोर्डांना डीडीआर-५ रॅम लागते, जुनी त्यात बसत नाही. हातातली डीडीआर-४ जपणं आज फायद्याचं आहे.

तेव्हा कार्डाचे भाव बघत बसायला सवड आहे. यूपीएस मात्र मिरगाच्या आधी घ्या.